मीटर धरणारी

“हे हनुवटीखाली धरायचं... आणि मग?” खुर्चीत बसलेल्या नवरीनं विचारलं.

“मग काही नाही. पांढरा गोल भाग कॅमेऱ्याकडे ठेवा. मी फ्लॅश उडवतो, काचेत आकडा येईल तो सांगा,” धनपाल म्हणाला. “एरवी आमच्या मंडळी धरतात. आज निपाणीला गेल्यात, बहिणीकडे.”

फ्लॅश उडाला. “अकरा,” नवरी म्हणाली.

धनपालनं कॅमेऱ्यावर अकरा लावला, उजेड मापायचा मीटर खिशात टाकला आणि एकच फोटो काढला. दुसरा काढायची त्याला कधी गरजच पडत नसे.

तेवढ्यात शेजारच्या मेडिकलवाल्यानं हाक मारली. फोन निपाणीचा होता. त्याची बायको त्रिशला तिथं अंगणात कपडे वाळत घालता घालता खाली बसली होती. उठली नाही.

दिवस उरकले. भाऊ म्हणाला, “वहिनींचा फोटो लाव की भिंतीवर. हार घालायला नको?”

धनपालनं स्टुडिओ उलथापालथा केला. निम्म्या तालुक्याच्या नवऱ्या सापडल्या, बारशी सापडली, शाळेचे गट सापडले. लग्नातली त्रिशला सापडली, पण ती अठरा वर्षांची पोर होती. गेली ती ही नव्हे.

प्रत्येक नवरीच्या आधी ती त्या खुर्चीत बसली होती. हनुवटीखाली मीटर धरायची, आकडा सांगायची आणि उठायची.

“लोकांसाठी खुर्ची गरम करून ठेवते मी,” ती हसून म्हणायची. “माझा कधी काढणार?”

“उजेड मापायला कुणी रोल वाया घालवतं का?” तो म्हणायचा.

शेवटी तो तासगावला रेळेकर मास्तरांकडे गेला. फोटो काढायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. लग्नानंतर वर्षभर तो त्यांच्याकडेच होता आणि त्रिशला दुपारचा डबा घेऊन यायची. मग त्यानं मीटर आणला, आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “मास्तर, तुमचा निम्मा रोल अंदाजातच जातो.” त्यानंतर तो त्या घराची पायरी चढला नव्हता.

मास्तर दारातच बसले होते. थकले होते.

“कळलं मला,” ते म्हणाले. “ये. बस.”

“बसायला नाही आलो, मास्तर. तुमचे ते खराब फोटो... ठेवलेत अजून?”

मास्तरांची रीतच तशी होती. उजेडाचा अंदाज घ्यायला समोर असेल त्याच्यावर आधी एक फोटो मारायचा. चहा घेऊन आलेली बायको, पोस्टमन, भांडी घासणारी बाई... कोणीही. जमला नाही तर दुसरा.

“टाकून देतोय होय? खाटेखाली बघ.”

धनपालनं ट्रंक ओढली. काळे पडलेले, पांढरे फटक झालेले, हललेले फोटो. एकेक उजेडाकडे धरून तो बघू लागला. बहुतेकांत मास्तरांची बायको होती. मिटलेले डोळे, अर्धी कपबशी, “पुरे झालं तुमचं” म्हणणारा हात.

भिंतीवर हार घातलेला तिचा फोटोही त्यातलाच. चेहरा जवळजवळ धुऊन निघालेला. केसांचा भांग आणि एक कान तेवढा दिसत होता.

“उजेड दुप्पट झालाय,” धनपालच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

“चौपट,” मास्तर म्हणाले.

ट्रंकेच्या तळाशी एक काळपट फोटो निघाला. कोपऱ्यात डबा होता. डब्याची कडी धरलेला एक हात. मनगटावर काचेच्या बांगड्या.

धनपाल कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिला.

“मास्तर... ही ती आहे.”

मास्तरांनी चष्मा पुसला. फोटो जवळ घेतला, लांब धरला.

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“आमची पण डबा घेऊन यायची. बांगड्या दोघींच्याही होत्या.” त्यांनी फोटो परत दिला. “हात कुणाचा, तू सांग. तुझी बायको.”

धनपालनं फोटो पुन्हा उजेडाकडे धरला.

“बारा वर्षं ती माझ्यासमोर बसायची,” तो म्हणाला. “डाव्या गालावर उजेड जरा कमी पडायचा. तेवढं सांगू शकतो. मी आकडा ऐकायचो, मास्तर... आणि कॅमेऱ्याकडे वळायचो.”

“मीटर आणलायस?”

त्या दिवशी खिशात टाकला तो तिथंच राहिला होता.

मास्तर उठले. कपाटात एका जुन्या कॅमेऱ्याशेजारी फ्लॅश होता. त्यांनी त्यात सेल भरले आणि उंच पाठीची खुर्ची भिंतीला लावली.

“बस तिथं. धर.”

धनपाल बसला. हनुवटीखाली मीटर धरला. या बाजूनं तो कधी बसला नव्हता. समोर फ्लॅश बारीक कुंई करत भरत होता.

फट्.

“किती?”

“आठ.”

“ऊठ. आता मीटर खुर्चीला अडकव. तिथंच, तेवढ्याच उंचीवर.”

“कशाला?”

“आकडेवाला माणूस तू. कशाला म्हणून विचारतोस?”

धनपालनं मीटरची दोरी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि बाजूला झाला. खुर्चीत कोणी नव्हतं.

फट्.

मास्तर त्याच्याकडे बघत होते. धनपाल वाकला.

“किती?”

“आठ.”

“नीट बघ.”

“आठच आहे, मास्तर.”

“परत मारू?”

“नको...” तो म्हणाला. “नको. खुर्चीत कोणी असो नसो, आठच येणार.”

तो खाली फरशीवर बसला. आवाज न करता रडला, मग आवाज करून रडला. मास्तरांनी त्याला थांबवलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. फ्लॅशमधले सेल काढून ते खिडकीत एका रांगेत ठेवत राहिले.

बऱ्याच वेळानं धनपालनं डोळे पुसले. फोटोतला हात अजून त्याच्या मुठीत होता, चुरगळलेला.

“हा घेऊन जाऊ?”

“ने. पण हार घालू नकोस त्याला. माझी असेल तर उगाच लाजेल.”

धनपाल हसला, आणि हसू आल्याची त्याला भीती वाटली.

“मास्तर, तुमचं बरं आहे,” तो म्हणाला. “तुमच्या एवढ्या चुका आहेत. ट्रंक उघडली की काकू आहेत. मला सांगा... एवढं सगळं जवळ असलं की निभतं का हो?”

मास्तरांनी कपाटाचं दार लावायला हात पुढं केला, आणि जुन्या कॅमेऱ्यावर तो तसाच राहिला.

“तिच्यावर मारलेला शेवटचा रोल यात आहे,” ते म्हणाले. “अजून धुतला नाही.”