राखून ठेवलेलं नाव

एका राज्यात एक राजा होता, त्याची राणी होती शेवंता, आणि राजाची थोरली बहीण होती वेणूआक्का. राजाचं नाव आत्ता सांगत नाही. ते चोरीला गेलं, त्याचीच तर ही गोष्ट.

दरबारात घुमटनाथ नावाचा जादूगार आला. त्यानं मोहरीतून हत्ती काढला, हत्ती परत मोहरीत घातला. सारे बघत राहिले. राजा मात्र पुरणपोळी खाऊन आलेला, घोरू लागला.

"माझ्या खेळात झोप? झोप मग!" असं म्हणून घुमटनाथानं मोरपीस फिरवलं. राजाचं नाव साऱ्यांच्या जिभेवरून उडालं, राजमुद्रेवरची अक्षरंही पुसली गेली. "तिसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आत याला नावानं हाक मारा. नाहीतर हा स्वप्नातच राहील."

राजा मिटल्या डोळ्यांनी हिंडू लागला. स्वप्नात त्याला अंगणातली शेळीच राणी वाटे. तिला जवळ घेऊन विंचरी, म्हणे, "राणीसाहेब, आज हनुवटीला काय लागलंय?" शेळी त्याचं उपरणं चघळी.

शेवंता आधी हसली. मग म्हणाली, "माझे केस कधी विंचरले नाहीत हो," आणि रडली.

तेव्हा खिडकीत साळुंकी येऊन बोलली, "सात झऱ्यांचं पाणी त्याच्या डोळ्यांना लाव. घुमटनाथाच्या बागेतलं निळं फूल हुंगव. मग नावानं हाक मार."

पहिल्या दिवशी राणीनं पाणी आणलं. राजाच्या पापण्या हलल्या. दुसऱ्या दिवशी फुलापाशी गेली, तर तिथं नाग वेटोळं घालून बसलेला. "बाबा, जरा सरक," ती म्हणाली. नाग सरकला. फूल हुंगून राजा झोपेत हसला.

तिसरा दिवस उजाडला. नाव कुणालाच येईना. प्रधानानं शंभर नावं घेऊन पाहिली, घसा बसला. दिवस कलला तशी राणी कळवळून म्हणाली, "अहो, उठा ना!" दरबारातले चाळीस नवरे वळून म्हणाले, "काय गं?" राजा तेवढा हलला नाही.

वेणूआक्का तिच्याकडे निरखून पाहत होती. "वहिनी, ओठ का चावता? तुम्हाला नाव आठवतंय!"

"आठवतंय, वन्सं. माझ्या जिभेवर ते कधी आलंच नाही, मग उडणार कुठून?"

"मग घ्या की!"

"नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, आई सांगायची. मी कशी घेऊ?"

सूर्य डोंगराला टेकला. वेणूआक्का उठली आणि दारात दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"लग्नात माझ्या हाताखालून निसटलात. तो उखाणा राहिलाय. उखाण्यातल्या नावानं आयुष्य वाढतं, असं माझी आई सांगायची. आज सोडणार नाही."

राणीनं पदर सावरला, राजाच्या कानाशी वाकली.

"वाऱ्यातून समई नेली पदराआड झाकून,
रत्नकेतू राजांचं नाव ठेवलं होतं राखून."

राजानं डोळे उघडले. कुशीत शेळी. "ही कोण?"

"तुमची राणी," शेवंता म्हणाली. सारा दरबार हसला, आणि राजाचं नाव ज्याच्या त्याच्या जिभेवर परत आलं.

घुमटनाथ मान खाली घालून पुढं आला. राजा म्हणाला, "चूक माझीच. खेळ पुन्हा मांडा, पण जेवणाआधी!" मग त्यानं फणी मागवली आणि राणीला जवळ बसवलं.

वर्षानं राजवाड्यात पाळणा हलला. बारशाला वेणूआत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. साऱ्या नगरानं ते मोठ्यानं घेतलं. शेवंतानं मात्र आधी मनात घेतलं, तिथं राखून ठेवलं, आणि मग पाळण्याची दोरी ओढली.