झाकण कोणी उघडले?

एकदा एक आचार्य होते. त्यांची सगळी कीर्ती एका वाक्यावर उभी होती : ‘पिलाचे कवच पिलालाच फोडू द्या.’

तारुण्यात केव्हातरी प्रवचनाच्या भरात ते वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेले आणि लोकांनी उचलून धरले. बापांनी ते मुलांना ऐकवले, सासवांनी सुनांना ऐकवले. नगरातल्या ज्या व्यापाऱ्याने पाठशाळा बांधून दिली होती, त्याने तर ते दगडावर कोरून पाठशाळेच्या दरवाजावर बसवले. आचार्य रोज त्या दगडाखालून जात-येत आणि रोज एकच शंका त्यांचे मन कुरतडत असे. चार शास्त्रे त्यांना मुखोद्गत होती. पण अंड्यातून पिलू बाहेर येताना त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. कोणी विचारले तर काय सांगायचे? सुदैवाने कोणी विचारत नसे. दगडावर कोरलेल्या वाक्याला प्रश्न विचारायची चाल नसते.

त्या व्यापाऱ्याला सगळे शेठ म्हणत. नगराच्या वरच्या अंगाला त्याचा पानमळा होता. पानवेलीला पाणी फार लागते, म्हणून शेठने ओढ्याला बांध घातला आणि पाणी मळ्यात वळवून घेतले. त्या उन्हाळ्यात खालच्या वस्तीच्या विहिरी तळाला गेल्या. वस्तीतली मुले पहाटे उठून लांबच्या झऱ्यावर जात, घरात पाणी आणून टाकत आणि मग पाठशाळेची वाट धरत. तोवर घंटा होऊन गेलेली असे. आणि शेठचा नियम होता, घंटा झाली की दरवाजा बंद.

या मुलांना घेऊन येणारी धुरपदा ही आचार्यांची शिष्या. तीही खालच्याच वस्तीची. पाठशाळेत शिकून ती आता आचार्यांपाशी पुढचे ग्रंथ वाचत होती आणि सकाळी लहानांना अक्षरे गिरवायला लावत होती. बुद्धी तीक्ष्ण आणि जीभ त्याहून.

“गुरुजी, आजही बाहेरच राहिलो,” ती एके दिवशी म्हणाली. “दरवाजाखाली उभं राहून तुमचं वाक्य वाचलं. मुलांना अजून बाराखडी येत नाही, पण ते वाक्य तोंडपाठ झालंय.”

“बोलेन मी शेठशी,” आचार्य म्हणाले.

“कधी?”

“योग्य वेळ पाहून.”

“तोवर आम्ही उन्हातच उभं राहायचं का?”

आचार्यांनी पोथीचे पान उलटले. ते अन्यायी नव्हते. त्यांची अडचण अशी, की कोणत्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांना एकदम दिसत, आणि त्या दोन बाजूंच्या मधे ते अडकून पडत.

मग शेठचा निरोप आला. पौर्णिमेला पाठशाळेच्या अंगणात सभा भरेल आणि नेहमी उशिरा येणाऱ्या मुलांची नावे तिथे सर्वांदेखत कमी होतील. ‘आचार्यांनी फक्त तो पिलाचा दृष्टांत सांगावा. बाकीचं मी पाहून घेतो.’ आचार्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. विद्वानाच्या मौनाला लोक होकार समजतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही ते गप्प राहिले.

हा निरोप येण्याआधीची गोष्ट. धुरपदाच्या घरी अंड्यांवर खुडूक बसलेल्या कोंबडीला मुंगसाने धरले होते. मागे राहिलेली अंडी पदरात घेऊन ती धावतपळत आचार्यांच्या दारात आली होती.

“ऊब जायच्या आत घ्या, गुरुजी. तुमचाच विषय आहे.”

आचार्य दचकले, पण नाही म्हणायला तोंड नव्हते. त्यांनी वेताचा पेटारा रिकामा केला. तळाला भाताचे तूस, त्यावर आपले जुने मऊ धोतर, एका कोपऱ्यात खापराच्या आडोशाला मंद दिवा आणि दुसऱ्या कोपऱ्यात ओल टिकावी म्हणून पाण्याची वाटी. वर झाकण. सकाळ-संध्याकाळ ते अंडी हलकेच फिरवत. मिटलेल्या पापणीला अंडे लावून ऊब पाहत. जास्त वाटली की घाबरत, कमी वाटली की त्याहून घाबरत.

“कोंबडी एवढा विचार करत नसते हो, गुरुजी,” धुरपदा म्हणे.

“कोंबडीच्या वाक्याचा दगड कोणी बसवलेला नसतो, पोरी.”

शेवटी पौर्णिमा जवळ आली तेव्हा पहिल्या अंड्याचा आतून टवका उडाला. आचार्य पेटाऱ्याजवळून हलले नाहीत. पिलू थांबले, दमले, पुन्हा ठोकू लागले, गोल फिरत फिरत त्याने कवचाला चीर पाडली आणि एका धडपडीसरशी ते ओलेचिंब बाहेर पडले. त्याच्यामागून आणखी दोन-तीन आली. कोणी बोटसुद्धा लावले नव्हते. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षे ज्या वाक्याच्या आधाराने जगलो, ते खोटे नव्हते!

ही बातमी नगरात पसरायला वेळ लागला नाही. लोक पाहायला येऊ लागले. आचार्य प्रत्येकासाठी झाकण उचलत आणि सांगत, “पाहा, या अंड्यालाही भोक पडलं आहे. आत कशी झुंज चालू आहे! हात मात्र लावायचा नाही.” लोक माना डोलावत. ते गेले की दुसरे येत.

“झाकण ठेवा, गुरुजी,” धुरपदा म्हणाली. “आतली ओल जातेय.”

“अगं, क्षणभर तर उघडलं.”

क्षणभरासाठी येणारी माणसे दिवसभर येत राहिली.

पौर्णिमेची सभा उन्हे उतरल्यावर भरली. शेठने मुद्दाम निरोप पाठवून पेटारा मांडवात आणवला होता. पिले एव्हाना वाळून कापसासारखी झाली होती. एकच अंडे उरले होते, भोकातून चोच दिसणारे. खालच्या वस्तीची मुले आणि त्यांचे आईबाप मागे भिंतीला टेकून उभे होते. ज्यांच्याविषयी सभा होती, त्यांना बसायला कोणी सांगितले नव्हते.

शेठने पेटाऱ्याचे झाकण दूर केले. “पाहा मंडळी, चोच बाहेर आली आहे. कोणी हात लावतंय का? नाही. लावला तर पिलू लुळं निघेल. माणसाचंही तसंच. ज्याला वेळेवर येणं जमत नाही, त्याला आपण कडेवर घेऊन लुळं करायचं का? आचार्य, आता तुम्हीच सांगा.”

आचार्य उठले. दृष्टांत सांगण्यासाठी त्यांनी पेटाऱ्यात पाहिले आणि ते तसेच खाली वाकले. आधीच्या पिलांच्या वेळी कवचाच्या आतला पापुद्रा पांढरा आणि ओलसर होता. इथे तो पिवळा पडून ताठरला होता. खळ लावून कागद चिकटवावा तसा पिलाच्या लवेला चिकटला होता. सकाळी खणखणीत असलेला पिलाचा आवाज आता सुतासारखा बारीक येत होता.

“शेठ, एक विचारू?” भिंतीकडून आवाज आला. धुरपदा पुढे येत होती. “ते पिलू अडलंय ते कवचानं, का दुसऱ्या कशानं?”

लोक हसले. “तुझे गुरुजी उभे आहेत ना, त्यांना विचार की!” कोणीतरी म्हणाले.

“त्यांनाच विचारते. गुरुजी, दिवसभर झाकण कोण उघडत होतं?”

हसू विरले. एवढ्या लोकांत शिष्येने गुरूला असे विचारावे! आचार्यांना नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंची वचने आठवली. शिष्येला गप्प करता येईल अशी आठवली, स्वतःला क्षमा करता येईल अशीही आठवली. त्यांतले एखादे ते बोलूनही गेले असते. तेवढ्यात आतून पिलाने हाक दिली, आणि या खेपेला ती अर्धीच आली.

“कोमट पाणी आणा,” आचार्य म्हणाले.

पाणी आले. त्यांनी उपरण्याचे टोक भिजवले, पेटाऱ्याशी मांडी घातली आणि सुकलेल्या पापुद्र्यावर थेंब थेंब पिळायला सुरुवात केली. मग अंड्याच्या बोथट टोकाकडून नखाने कवचाचे कण काढू लागले.

शेठ ताडकन उठला. “आचार्य! हे काय चाललंय? हात लावू नका. वाक्य तुमचं आहे!”

“म्हणूनच हात लावतो आहे.”

पापुद्र्यावर लाल दोऱ्यासारखी एक रेघ उमटली. आचार्यांचा हात थांबला.

“मारलं बघा म्हातारबांनी,” मागून कोणीतरी पुटपुटले.

आचार्यांनी ते ऐकले. एरवी एवढ्यानेच ते उठून गेले असते. आज त्यांनी ओले फडके अंड्याभोवती लपेटले, त्यावर तळहात धरला आणि रक्त थांबायची वाट पाहत बसल्या जागेवरूनच बोलू लागले.

“कवच पिलानं फोडावं, हे मी आयुष्यभर सांगत आलो. ते आजही खरं आहे. कवच त्याच्या आईनं दिलेलं असतं, आणि ते फोडण्याइतकं बळही ती त्याबरोबरच देते. ही बाकीची पिलं बघा, कोणाच्या मदतीवाचून आली. पण याला कवचानं अडवलेलं नाही. आतला पापुद्रा सुकून याच्या अंगाला आवळला आहे. तो सुकवला मी. झुंज कशी असते हे तुम्हाला दाखवायला मी झाकण उघडत राहिलो. ओल माझ्या हातानं गेली, आणि झुंजायचा उपदेश मात्र मी याला करत राहिलो. कवच याचं आहे, कोरड माझी आहे. माझी कोरड मी भिजवतो आहे. याला दया म्हणू नका.” त्यांनी मान वर केली. “आणि शेठ, खालच्या वस्तीची कोरड कोणाची, हे या सभेत लहान मुलालाही ठाऊक आहे.”



“तुम्ही बसला आहात ती जमीन माझी आहे, आचार्य,” शेठ सावकाश म्हणाला. “दरवाजावरचा दगडही माझाच.”

“दगड तुमचा. वाक्य माझं. ते मी आज परत घेतलं. दगडावर हवं तर पानांचे भाव कोरा.”

भिंतीकडे कोणीतरी फिसकन हसले.

आचार्यांनी फडके सोडले. लाल रेघ फिकी झाली होती. पापुद्रा मऊ पडून पिलाची मान मोकळी दिसत होती. पाय मात्र अजून उरलेल्या कवचात होते. आचार्यांनी हात मागे घेतला.

“पुरे. मी सुकवलं तेवढं भिजवून झालं. शेवटची लाथ त्याची.” आणि त्यांनी झाकण लावले.

“झाकता कशाला?” शेठ म्हणाला. “दाखवा की सगळ्यांना, जगतंय का मरतंय!”

“नाही. आज दाखवायला काही नाही.”

पाहण्यासारखे काही उरले नाही म्हटल्यावर लोक चुळबुळू लागले, उठू लागले. शेठ निघून गेला. नावे कमी करायची राहून गेली. मांडव रिकामा झाला, पण खालच्या वस्तीची माणसे जागची हलली नाहीत. धुरपदा पेटाऱ्याला कान लावून बसली होती. बऱ्याच वेळाने आत खरखर झाली, मग काहीतरी तुसावर धपकन पडले, आणि मग एक हाक आली. पूर्ण.

“उघडू?” एका लहानग्याने विचारले.

“नाही!” गुरू आणि शिष्या एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य स्वतः घंटेचा दोर हातात धरून उभे होते. शेठचा मुकादम दरवाजा लावायला आला.

“वेळ झाली, आचार्य.”

“नाही झाली.”

“सूर्य बघा की केवढा वर आलाय.”

“सूर्य बरोबर आहे. पाणी अजून वाटेत आहे.”

“शेठना काय सांगू मग?”

“हेच सांगा.”

भीती गेली नव्हती. आपले हे करणे योग्य की अयोग्य, याच्या दोन्ही बाजू नेहमीसारख्या त्यांच्या मनात येऊन उभ्या होत्या. या वेळी त्यांनी त्यांना उभेच राहू दिले. उतारावरून मुलांची रांग वर येत होती, खांदे घागरीच्या पाण्याने भिजलेले, शेवटी धुरपदा. शेवटचे मूल दगडाखालून आत आले, तेव्हा आचार्यांनी दोर ओढला. एवढ्या जोराने, की पानमळ्यातही ऐकू जावे.

आपल्या दारात कोणी अडलेला दिसला, तर ‘झुंज’ म्हणण्याआधी झाकणावर आपल्याच बोटांचे ठसे नाहीत ना, तेवढे पाहून घ्यावे.