मेणाचे महाराज

दिवस मावळायला घटकाभर वेळ उरला होता, तेव्हा हे सुरू झालं. फार फार जुनी गोष्ट आहे, बायांनो, लेकरांनो. नदीकाठच्या एका नगरात त्या घटकेला राजाने शेवटचा श्वास सोडला.

पण प्रधान म्हणाला, "राजा देवाचा अंश. देवाचा अंश मरतो का कधी?"

त्याने राजासारखी मेणाची मूर्ती घडवून गादीवर बसवली. तिला अंगरखा चढवला, पुढे ताट वाढलं. लोकांनी मुकाट्याने मुजरा केला. कारण पूर्वी आपसात भांडून भांडून दमल्यावर त्यांनीच ठरवलं होतं, की हुकूम एकाच तोंडाचा. आपण फक्त ऐकायचं.

मग एक दिवस नदी चढू लागली. पाणी पायरीवरून अंगणात आलं. उंच टेकडी होती, पण वेशीबाहेर. आणि राजाच्या हुकमाशिवाय वेस उघडत नसे.

एक तरुण आई तान्ही लेक कडेवर घेऊन दरबारात थेट गादीपाशी गेली.

"महाराज, लेकरू बुडेल हो माझं. वेस उघडायला सांगा."

महाराज गप्प.

"महाराज विचार करताहेत," प्रधान म्हणाला.

तेवढ्यात पोरीने त्या चकचकीत गालाला हात लावला. इवलंसं नख आत रुतलं. खूण तशीच राहिली. सगळ्यांनी ती पाहिली, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या चेहऱ्याची नाही, पण त्या खाली गेलेल्या मानांची आईला भीती वाटली. ती वेशीकडे पळत सुटली.

"भाऊ, अडसर काढ!"

"हुकूम आहे का, ताई?" वेसकर म्हणाला.

"कुणाचा? गादीवर मेण बसलंय."

"हळू बोल! मला ठाऊक नाही होय? मीच खांदा दिलाय त्यांना."

"मग?"

"मग काय... हुकूम कुठंय?"

तिने लेक त्याच्या हातात दिली. "धर हिला." आणि दोन्ही हातांनी स्वतःच अडसर ओढला.

वेसकर आणि चार-सहा घरं तिच्यामागून टेकडी चढली. बाकीचे दरबारात हात जोडून उभे राहिले. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, कुणी हललं नाही.

सकाळी टेकडीवरून पाहिलं तर नगर नव्हतं. नुसतं पाणी, आणि त्यावर उताणे तरंगणारे एकटे महाराज.

तात्पर्य: आपलं बरंवाईट ठरवणं कायमचं दुसऱ्यावर सोपवलं, की जीव वाचवायलाही हुकूम लागतो.

ऐकलंत ना? मग शेजारणीलाही सांगा, आणि लेकराला भरवता भरवता त्याच्याही कानावर घाला.