बशीची खिंड

समोर ती डोंगराची सोंड दिसते ना, तिच्या मधोमध दात पडल्यासारखी फट आहे, ती बशीची खिंड. खिंडीत वाटेच्या डाव्या हाताला कमरेइतका उंच, सपाट कातळ आहे आणि त्याच्या माथ्यावर बरोबर बशीएवढा उथळ खळगा आहे. वर जाल तेव्हा बघा, पण त्या कातळावर टेकू नका. थकला असाल तर वीस पावलं पुढे हिरड्याचं झाड आहे, तिथे बसा. कातळावर आमच्या गावचं कुणी बसत नाही.

दुसरी गोष्ट एव्हाना तुमच्या लक्षात आली असेल. तुम्ही ओसरीवर पाय ठेवलात आणि चहा समोर आला. घेणार का, साखर किती, दूध चालतं का, कुणी काही विचारलं नाही. मागे एक पाहुणे मला म्हणाले, गोदाक्का, मला मधुमेह आहे, निदान विचारायचं तरी. मी म्हटलं, पिऊ नका, पुढ्यात असू द्या. आमच्या हिरडेवाडीत चहाचं विचारत नाहीत, आणि का विचारत नाहीत ते त्या खिंडीशी जोडलेलं आहे.

मी मूळची खिंडीपलीकडच्या वाकणची. पन्नास वर्षं झाली इथे सून म्हणून येऊन. त्यामुळे ही हकिकत मी दोन्ही गावांत ऐकली, आणि दोन्ही गावं ती आपापल्या सोयीने सांगतात. मी सांगते ती दोन्हीकडची जुळवून.

या डोंगरात चहा नवाच आला होता तेव्हाची गोष्ट. गावात बयाजी आणि साळू अशी दोघं बहीणभावंडं होती. बयाजी चार वर्षांनी मोठा. त्यांचा बाप महाबळेश्वराला कुणा साहेबाच्या बंगल्यावर पाणी भरायचा आणि पावसाळ्यात बंगला बंद झाला की घरी यायचा. येताना चहाची पुडी आणायचा. एका वर्षी त्याने साहेबाच्या घरची जुनी कपबशी आणली, पण खिंडीत पाय घसरला आणि कप फुटला. घरी पोचली ती नुसती बशी. पांढरी, आणि तळाशी एक निळं फूल काढलेलं. गावात तेव्हा चिनी मातीचं भांडं दुसरं नव्हतं म्हणे, त्यामुळे कप नसलेली ती बशीसुद्धा लोक बघायला यायचे.

म्हशीची धार काढून झाली की गुळाचा चहा व्हायचा. मोठी माणसं पितळीत घ्यायची आणि पोरांना दोघांत मिळून ती बशी. बापाने नियम घालून दिला होता की जो फुंकेल त्याने मागून प्यायचं. बयाजी फुंकायचा, साळू आधी प्यायची. तळाचं फूल दिसायला लागलं की बशी भावाच्या हातात द्यायची, असं ठरलेलं. आता फूल दिसेपर्यंत बशीत राहतंय किती? दोन घोट. पण पोराने कधी कुरकुर केली नाही, असं सांगतात. आणि त्या घरात साळूला कुणी कधी विचारलंही नाही की चहा घेतेस का. घरच्या पोरीला काय विचारायचं? बशी भरली की ती धावत यायची.

साळूचं लग्न वाकणला झालं. दर भाऊबीजेला ती माहेरी यायची, सणाचं ओवाळणं व्हायचं, आणि मग बयाजी कोनाड्यातली ती बशी काढायचा. दोघांना पोरंबाळं झाली तरी तो फुंकायचा आणि ती आधी प्यायची. बयाजीची बायको धुरपा हसायची म्हणे, की एवढी कपबश्यांची रास घरात आली तरी यांचं एकाच बशीत चालतं.

बिनसलं ते साळूच्या लेकीच्या, हौसाच्या लग्नात. आमच्याकडे भाचीच्या लग्नाच्या अक्षता घेऊन बहिणीने स्वतः भावाच्या दारी यायचं असतं. लग्नघाईत साळूला निघता आलं नाही, तिने दिराला पाठवलं. झालं. बयाजीच्या मनात राग बसला. बहिणीला पाय नाहीत का, म्हणाला, आणि लग्नाला गेला नाही. वाकणच्या मांडवात मुहूर्त टळत आला तरी साळू खिंडीकडे बघत उभी होती. शेवटी हौसाच्या पाठीशी मामा म्हणून शेजारचा एक माणूस उभा राहिला. माझ्या माहेरच्या बायका हे सांगताना अजूनही आवाज खाली आणतात.

मग सात वर्षं जाणं-येणं बंद. सात भाऊबिजा गेल्या. हिरडेवाडीत म्हणायचे की बयाजीचा मान मोठा, आणि वाकणमध्ये म्हणायचे की साळूचा. दोन्ही गावांना मान फार. एवढा मान घेऊन काय करायचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही.

आठव्या वर्षी, वैशाखात, भर दुपारी साळू आली. एकटी, डोक्यावर पदर, पाय धुळीने माखलेले. का आली ते तिने सांगितलं नाही. कुणी म्हणतात तिला तेव्हाच खोकला लागला होता आणि आपलं काही खरं नाही हे तिला कळलं होतं. ती ओसरीच्या कडेला बसली. धुरपाने पाणी दिलं, आत गेली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. बयाजी खांबाला टेकून उभा होता. बहीण दिसली तेव्हा त्याचा जीव गलबलला होता, हे त्याने पुढे स्वतःच लोकांना सांगितलं. पण सात वर्षांत बोलायची सवय गेलेली, आणि पहिला शब्द कुठला काढावा हे त्याला सुचेना. तलाठी आला की विचारायचा तसं त्याने विचारलं.

"च्या घेनार का?"

साळूने त्याच्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "नगं. आत्ताच घिऊन आले."

कुठून घेऊन आली? वाकण ते हिरडेवाडी दोन तासांची चढ-उतार, वाटेत माकडांशिवाय कुणाची वस्ती नाही. परक्या घरी पहिल्यांदा नको म्हणायचं असतं म्हणून ती म्हणाली. समोरच्याने, असं कसं, घ्यायचाच, म्हणायचं असतं आणि मग घ्यायचा असतो, हे या डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं. बयाजीलाही कळत होतं. पण त्याला वाटलं, ही अजून रुसलेलीच आहे, माझ्या हातचा चहा हिला नको आहे.

तो म्हणाला, "बरं."

साळू बराच वेळ बसली. म्हशीची चौकशी केली, पाऊस कधी लागेल ते विचारलं. मग उठली, पदर सारखा केला आणि आली तशी गेली. धुरपाने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं आणि ती बाहेर आली. नवऱ्याला उलटून बोलणारी ती बाई नव्हती, पण त्या दिवशी म्हणाली, "आनि येकदा म्हनायचं हुतं की."

दुसऱ्या दिवसापासून बयाजीने चहा सोडला. बहीण माझ्या हातचा घेईल तेव्हा मी घेईन, असं तो देवासमोर बोलला. आणि रोज दुपारी किटली, चहा-गूळ, दूध आणि ती बशी घेऊन खिंडीत जाऊ लागला. वाकणच्या बायका सरपणाला तिथवर यायच्या, साळूही येईल, असा त्याचा हिशेब. कातळाच्या आडोशाला तीन दगड मांडायचा, चहा करायचा, बशी कातळावर ठेवून वाट बघायचा. दिवस कलला की किटलीतला चहा येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाजून परत यायचा.

हिरडेवाडीत हे मोठ्या कौतुकाने सांगतात. केवढा नवस, केवढी माया. मी सून असले तरी मला त्याचं कौतुक नाही. त्या कातळावरून वाकण दिसतं. साळूच्या घराचं छप्पर दिसतं. खाली उतरायला अर्धा तास लागतो. पण बोलावल्याशिवाय बहिणीच्या दारात कसं जायचं, म्हणून तो अर्ध्या वाटेवर बसून राहिला. आणि वाकणमध्ये असं सांगतात की साळूला तो धूर दिसायचा. ती झऱ्यापर्यंत यायची, धुराकडे बघायची आणि हंडा भरून परत जायची. तिला वाटायचं, एवढा वर आला आहे तर खाली येईलच. ती एकदा येऊन गेली होती, आता पाळी त्याची होती. मला तिचंही पटत नाही आणि तिला दोषही देववत नाही.

पावसाळा आला आणि गेला. भाद्रपद सरताना सरपणाला आलेली एक बाई बयाजीला म्हणाली, "साळू आठ दिस उठली न्हाई."

तेव्हा कुठे तो उठला. चहा नुकताच झाला होता. किटली घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळली, बशी बंडीच्या आत छातीशी धरली आणि तो उतरणीला लागला. वाट निसरडी होती, तरी किटलीतला एक थेंबही सांडू दिला नाही म्हणे. अक्षतांचा राग, बोलावणं, मान, सगळं त्या वाटेवर कुठे गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही. काय बोलायचं ते तो वाटभर घोकत होता. साळे, माझं चुकलं. एवढंच.

साळूच्या अंगणात माणसं बसली होती. घरातली चूल थंड होती. ती त्याच दिवशी सकाळी गेली होती, आणि बयाजीकडे निरोप घेऊन निघालेला माणूस दुसऱ्या वाटेने गेल्यामुळे चुकला होता.

बयाजी किटली घेऊन दारात उभा राहिला. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारच्यांनीच चहा करून आणायचा असतो, ही तर जगाची रीत. एका म्हातारीला वाटलं, हा त्यासाठीच घेऊन आला आहे. तिने त्याच्या हातून किटली घेतली आणि बसलेल्या सगळ्यांना घोट घोट दिला. अशा घरात कुणी कुणाला घेणार का म्हणून विचारत नाही आणि कुणी नकोही म्हणत नाही. बहिणीसाठी जपून आणलेला चहा तिच्या सुतकात वाटला गेला, आणि मग बयाजीने किटली परत हातात घेतली.

शेवटचा जो उरला तो त्याने बशीत ओतला. फुंकला आणि हौसापुढे धरला. भाचीला तो तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होता. हौसाने बशी घेतली. ती म्हणाली, "मामा, आय म्हनायची, आत आधन उकळत हुतं ते मला ऐकू येत हुतं. दादा आता म्हनंल, मग म्हनंल, म्हनून लई येळ बसले, म्हनायची."

घोकलेले शब्द बयाजीच्या ओठांवर होते. भाचीला म्हटले असते तरी चाललं असतं. पण सांगतात की त्याच्या तोंडून तेव्हाही तेवढंच आलं.

"बरं."

परतताना त्याने बशी कातळावर ठेवली आणि तो गावात आला. पुढच्या पावसाळ्यात बशी दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी दगडात तो खळगा पडला होता, अशी आख्यायिका आहे. पाण्याने पडला असेल. डोंगरात असे खळगे खूप आहेत. पण लोकांना बशीच दिसते आणि मीही कुणाशी वाद घालत नाही.

बयाजीचा नवस कधी फिटलाच नाही, कारण जिच्या घोटाने तो फिटायचा ती गेली. तो म्हातारा होऊन मेला, चहा न पिता. पण त्याच्या दारावरून जो जाईल त्याच्या हातात तो चहा द्यायचा, न विचारता. नको म्हणणाऱ्यालाही द्यायचा. त्याचं बघून शेजाऱ्यांनी विचारायचं सोडलं आणि हळूहळू गावानेच सोडलं.

आजही आमच्याकडे चहाचं विचारत नाहीत. आजही भाऊबीजेला गावातले भाऊ चहाच्या किटल्या घेऊन निघतात, खिंडीत न थांबता पलीकडे उतरतात आणि बहिणीच्या ओसरीवर चहा ओततात. बोलणं बंद असलं तरी जातात. कुणी कुणाच्या जमिनीच्या बांधावरून रुसलेलं असतं, कुणी लग्नातल्या मानपानावरून. चहा ओततात, तो मुकाट्याने प्यायला जातो, आणि हे रिकामी किटली घेऊन संध्याकाळच्या आत घरी येतात. पन्नास वर्षं मी बघते आहे. किटली न्यायला कुणी चुकलेलं नाही. पण बयाजी ज्या दोन शब्दांसाठी धावत खाली उतरला होता, ते बहिणीच्या दारात उच्चारून आलेला भाऊ मी अजून एकही पाहिलेला नाही.