अस्वलिणीची अढी

एका डोंगराच्या कुशीतल्या जंगलात एक अस्वलीण आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. तिची गुहा कोरडी होती, उबदार होती, आणि तिच्यात वारा शिरत नसे. तेवढे एक सुख सोडले तर बाळांनो, तिच्याजवळ दुसरे काहीच नव्हते.

त्या उन्हाळ्यात ओढा आटला, गवत करपले आणि जंगलातली पोरेबाळे भुकेने किरकिर करू लागली. अशात एके दुपारी मोठी वावटळ आली आणि रानातल्या जुन्या आंब्यावरची सगळी फळे खाली पडली. फळे पाडाला आलेली होती, पण पिकलेली नव्हती. हिरवी, कडक आणि इतकी आंबट, की हरणाच्या पाडसाने एक चावले आणि दिवसभर तोंड वाकडे करून बसले. मग सगळ्यांनी मिळून ती फळे अस्वलिणीच्या गुहेत नेली.

"अस्वलीणबाई, तुझ्याइतकी उबदार जागा कुणाकडे नाही," म्हातारा वानर म्हणाला. "तू अढी घाल. लेकरांच्या तोंडात काहीतरी गोड पडू दे."

अस्वलिणीने आपल्या आईला करताना पाहिले होते तसे केले. खाली वाळके गवत अंथरले, त्यावर फळे मांडली, त्यांच्या मधोमध वाटेत सापडलेले एक पिकलेले फळ ठेवले, वरून पुन्हा गवत पसरले आणि दाराला दगड लावला.

"आता कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "पिकलेले फळ शेजारच्या फळाला पिकवते. त्याचा वास आणि ही ऊब आत कोंडून राहायला हवी. आंबटाचे गोड करणे हे फळाचे काम आहे, ते त्याचे ते करील."

"पण किती दिवसांत?" कोल्ह्याने विचारले.

"ते मी कशी सांगू? हवा गार पडली तर उशीर लागेल, उकडले तर लवकर होईल. घमघमाट सुटला की समजायचे."

"वा! म्हणजे मावशी आत, आंबे आत, आणि आपण बाहेर वास घेत बसायचे!" कोल्हा हसला. बाकीचेही हसले, आणि हसता हसता त्यांच्या मनात संशय शिरला. शेवटी ठरले, की रोज सकाळी कोल्ह्याने अढीची तपासणी करायची.

पहिल्याच सकाळी कोल्ह्याने दगड ढकलला, गवत उपसले आणि मधले पिवळे फळ उचलले. "हे नासले आहे. बाकीची नासवील."

"अरे, ते नासलेले नाही! त्याच्यावरच तर सगळे—"

"तपासणी मी करतोय की तू?" असे म्हणून तो फळ घेऊन गेला.

मग रोज तेच. रोज दार उघडायचे, रोज ऊब निघून जायची, रोज गवत विस्कटायचे. एखादे फळ जरा मऊ पडले, जरा पिवळे झाले, की कोल्हा तेवढेच नेमके उचलायचा. बाकीची होती तशी हिरवी राहिली. आता सांगा, ती पिकणार कशी?

पण हे कुणी विचारले नाही. सगळे अस्वलिणीवरच चिडले. "आमची पोरे तडफडतायत आणि ही गुहेत लोळतेय!" रानडुकरीण ओरडली. ठरवूनच टाकले : अमावास्येपर्यंत आंबे पिकले नाहीत, तर अस्वलिणीने पिल्लाला घेऊन डोंगर उतरायचा. डोंगराखाली माणसांची वस्ती होती आणि वस्तीत शिकारी कुत्रे होते. हे ठाऊक असूनही सगळ्यांनी होकाराच्या माना डोलावल्या.

अस्वलीण संतापली, पण त्याहून जास्त घाबरली. घाबरल्यावर भल्याभल्यांचे होते तेच तिचे झाले. 'उबेने पिकतात, तर उन्हाने आणखी लवकर पिकतील,' असे म्हणून तिने निम्मी फळे बाहेरच्या तापलेल्या कातळावर नेऊन ठेवली. संध्याकाळी पाहते तर साली सुरकुतलेल्या, अंगावर काळे डाग, आणि आतला गर शिजून गेलेला. गोडीचा मात्र पत्ता नाही. फळाला ऊब हवी होती, भाजणे नको होते.

"बघा, बघा! निम्मी नासाडी केली!" कोल्ह्याने गवगवा केला. ती खाली मान घालून गुहेत शिरली.

उरलेली फळे लावताना कोपऱ्यात तिला एक पिवळे फळ सापडले. कोल्ह्याच्या नजरेतून ते सुटले होते. पिल्लू जवळ आले. "आई, मी खाऊ?"

तिने त्याला पोटाशी घेतले. "नको, राजा. एवढे एक तू खाल्लेस तर बाकीची फळे पिकणार नाहीत आणि सगळी पोरे उपाशी राहतील." पिल्लाने नाक ओढले आणि स्वतःच ते फळ उचलून मधोमध ठेवले. तेव्हा मात्र अस्वलिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्याशा पोराला समजते ते या मोठ्यांना समजू नये!

सकाळी कोल्हा आला तेव्हा ती दारातच बसली होती. तिच्या धिप्पाड अंगाने दार पुरते भरले होते.

"बाजूला हो. तपासणीची वेळ झाली."

"नाही होत."

"का? आत काय लपवलेस?"

"लपवायला तू काही ठेवलेस का?" अस्वलीण गरजली. सगळे जमा झाले. "पिकायला लागते तेच फळ रोज उचलून नेतोस, दार उघडून ऊब घालवतोस, आणि उशीर का म्हणून मलाच दरडावतोस! अंड्यावर बसलेल्या पक्षिणीला रोज हुसकायचे आणि पिल्लू का निघत नाही म्हणून तिलाच टोचायचे, हा कुठला न्याय? मी चुकले. निम्मी फळे माझ्या हाताने करपली. पण आता हे दार उघडणार नाही!"

म्हाताऱ्या वानराने डोके खाजवले. "कोल्होबा, ती नासकी फळे तू टाकलीस कुठे?"

"ओढ्यात."

"ओढ्यात?" रानडुकरीण म्हणाली. "मी रोज चिखल शोधत ओढाभर फिरते. एक कोयसुद्धा दिसली नाही मला."

कोल्ह्याने जीभ ओठांवरून फिरवली आणि दुसरीकडे पाहिले. तरीही कुणी अस्वलिणीची माफी मागितली नाही. "अमावास्या ठरली ती ठरली," एवढेच म्हणून सगळे पांगले.

ती बसून राहिली. पोटात भूक होती, खायला मुंग्यांची वारुळे समोर होती, पण ती उठली नाही. पिल्लू तिच्या कुशीत झोपायचे, उठायचे, आत नाक लावून वास घ्यायचे आणि मान हलवायचे. चंद्राची कोर बारीक होत गेली. अमावास्येच्या आदल्या सकाळी पिल्लाने नाक लावले आणि ते नाचूच लागले. थोड्याच वेळात तो वास खाली झाडांपर्यंत पोचला.

फळे सोन्यासारखी पिकली होती. पण ती निम्मीच होती. अस्वलिणीने आधी सगळ्या पोरांना दिली, मग म्हाताऱ्यांना. तेवढ्यात संपली.

"आणि आम्हाला?" रानडुकरिणीने विचारले.

"तुमचा आणि माझा वाटा त्या कातळावर करपला. मी तुमच्या घाईला घाबरले, ही माझी चूक. तुम्ही मला घाबरवलेत, ही तुमची."

"माझा तरी वाटा..." मागून कोल्हा पुटपुटला.

"तुझा तू रोज सकाळी नेलास."

रानडुकरिणीचे धाकटे पिल्लू तोंड माखून घेऊन आईजवळ आले आणि चोखलेली कोय तिच्यापुढे धरून म्हणाले, "आई, चाट ना, अजून गोड आहे." तिने कोय चाटली. गोडच होती. पण अस्वलिणीकडे पाहायला तिची मान काही वर झाली नाही.

तात्पर्य : प्रत्येक कामाचा आपला एक वेग असतो. योग्य ऊब आणि योग्य सोबत दिली तर तो वाढतो, धाकाने वाढत नाही. आणि ती सोबत आपणच काढून घेऊन उशिराचा दोष राबणाऱ्याला देणे, याइतका मोठा अन्याय नाही.