आगोरावरचे दोन ठसे

द्वारकेची यात्रा आटोपून परत येताना श्री केवळनाथ महाराजांचा मुक्काम मारवाडच्या वाळवंटातील धोरासर या गावी पडला. गाव कसले, वाळूच्या टेकड्यांमध्ये अंग चोरून बसलेली थोडीशी घरे! ज्येष्ठ महिना चालू होता. वारा सुटला की भट्टीचे दार कुणीतरी तोंडासमोर उघडल्यासारखे वाटे. उंटसुद्धा सावली धरून बसत. महाराज मात्र गावाबाहेरच्या खेजडीखाली, म्हणजे आपल्याकडच्या शमीखाली, भर दुपारी शांत बसलेले असत. एकाने न राहवून विचारले, "बापजी, तुम्हाला ऊन लागत नाही?" महाराज हसून म्हणाले, "लागतं की! पण या दिवसांत त्या बिचाऱ्याने तरी जावं कुठे?"

त्या मुलखात विहिरीला गोडे पाणी नाही. सगळा जीव पावसाच्या पाण्यावर. गावाच्या मध्ये जमिनीत एक खोल टाके बांधलेले असते आणि त्याच्या भोवती चुना-मुरूम चोपून केलेले उतरते अंगण असते. त्याला तिकडे आगोर म्हणतात. पाऊस आगोरावर पडायचा, उताराने वाहत मोरीतून टाक्यात जायचा, आणि तेच पाणी गावाने वर्षभर प्यायचे. म्हणून आगोराला देवघराइतका मान. त्यावर जोडे घालून कुणी जात नाही, लहान पोरही नाही.

गेल्या वर्षी पाऊस रुसला होता. टाक्याच्या तळाशी आता जेमतेम पाणी उरले होते. गावचे ठाकूर सबळसिंह यांनी टाक्याला कुलूप घातले होते आणि वाऱ्याने वाळू आत जाऊ नये म्हणून मोरीच्या तोंडावर शिळा बसवून ती मातीने लिंपून टाकली होती. येत्या पौर्णिमेला सगळ्या गावाने उठून माळव्याकडे चालू लागायचे, असा त्यांचा हुकूम होता. ठाकूर कर्तबगार होते, यात शंका नाही. पण आपल्याला कळत नाही असे जगात काही असेल, हे मात्र त्यांना कधी सुचले नव्हते.

त्याच गावात गवरा नावाची एक विधवा कुंभारीण राहत होती. मुलगा गुरे घेऊन आधीच माळव्यात गेलेला. घरात सून पेमी, तिचे दिवस भरत आलेले. असे अवघडलेले पोर त्या तापल्या वाळूतून कोसच्या कोस कसे चालणार? आणि मागे राहावे तर पाणी कोण देणार? गवरेचा जीव टांगणीला लागला. ती महाराजांच्या पायाशी येऊन रडू लागली.

"बापजी, गाव गेलं तर माझी पेमी इथेच राहील. पुढे बोलवत नाही मला. काहीतरी करा."

महाराजांनी तिला हाताने उठवले. मग म्हणाले, "माई, आगोर झाडशील?"

"आगोर? आत्ता?"

"आत्ताच. रोज झाड. झाडताना नाम घे. बाकीचं ज्याचं त्याच्यावर सोड."

गवरेने पुन्हा प्रश्न विचारला नाही. घरी गेली, झाडू उचलला आणि अनवाणी आगोरावर उभी राहिली. काय ती श्रद्धा! तिकडे आगोर झाडायचा तो आषाढ तोंडावर आला की, साऱ्या गावाने मिळून. ज्येष्ठात कुणी झाडत नाही, कारण सकाळी झाडावे तर दुपारची लू संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळी वाळू आणून टाकते. गवरा सकाळी झाडी, वारा दुपारी भरी. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा झाडी. पायांना फोड आले, हातांची साले निघाली. बायाबापड्या हसू लागल्या. "गवरामा वाळवंट झाडायला निघाली गं!" कुणी म्हणे, "आगोर झाला की माझ्या दारातली टेकडीही झाड हो, पुण्य लागेल." गवरा हसण्याकडे हसून बघे आणि नाम घेत राही.

एके सकाळी स्वतः ठाकूर तिकडे आले. घोड्याला पाणी पाजून ते तसेच आले होते. साऱ्या गावात चिखल कुठे असेल तर तो त्यांच्या घोड्याच्या दोणीपाशी, आणि तो त्यांच्या जोड्यांना लागलेला होता. गवरेने नुकताच आगोर लख्ख केला होता.

"काय गं, पाऊस यायचाय वाटतं?" ठाकुरांनी विचारले.

"मला काय कळतंय, हुकूम?" गवरा म्हणाली; ठाकुरांना तिकडे असेच संबोधतात. "बापजींनी झाडायला सांगितलं, मी झाडते."

"अगं, नवतपाचे नऊ दिवस चालू आहेत! या दिवसांत भुई भाजून निघायची असते. आत्ता शिंतोडा पडला तरी अवघा पावसाळा नासतो. आणि समज, पडलाच पाऊस, तरी पहिलं पाणी टाक्यात घेतो का आपण? आगोराचा मळ घेऊन येतं ते. ते बाहेरच सोडायचं असतं. कुंभाराच्या घरात एवढंही कळत नाही?"

असे म्हणत ते रागाच्या भरात दोन पावले पुढे आले. जोड्यांसकट! पांढऱ्या आगोरावर दोन काळे ठसे उमटले. गवरेच्या तोंडून "हे राम!" निघाले. ठाकुरांच्याही ते ध्यानात आले, पण चार माणसांसमोर मागे फिरणे त्यांच्या मानाला पटेना.

खेजडीखालून महाराज शांतपणे म्हणाले, "ठाकूरसाहेब, तेवढे पुसून जा."

"ही आहे की पुसायला," ठाकूर म्हणाले आणि निघून गेले.

गवरा झाडू घेऊन पुढे झाली तसे महाराज म्हणाले, "राहू दे माई. ते तुझं काम नाही."

दुपार कलली आणि वारा एकदम पडला. पानसुद्धा हलेना. उंट माना जमिनीला टेकवून बसले. पश्चिमेला क्षितिजावर एक पिवळी भिंत उभी राहिली. बघता बघता ती काळी झाली आणि आकाश गिळत गावावर चालून आली. "आंधी! आंधी आली!" असा एकच ओरडा झाला. दारे लागली. लोकांनी पोराबाळांना पोटाशी धरले. भर दिवसा हाताला हात दिसेना. छपरे उडाली, वाळू फटीफटीतून आत शिरली, वाऱ्याचा तो आवाज ऐकून म्हाताऱ्यांचीही बोबडी वळली. पेमीला त्याच वेळी कळा सुरू झाल्या. गवरा एका हाताने तिचा हात धरून बसली होती आणि तोंडाने नाम चालू होते. एवढ्या दिवसांची झाडझूड पार गाडली गेली असणार, हे तिला कळत होते. तिने ते महाराजांवर सोडून दिले.

आणि महाराज कुठे होते? आंधी शिरली तेव्हा ते खेजडीखालून उठले आणि आगोराच्या मधोमध जाऊन बसले, एवढेच एका गुराख्याने पाहिले होते.

वारा थांबला आणि पाठोपाठ टपोरे थेंब पडू लागले. लोक बाहेर आले, आगोराकडे धावले, आणि जागच्या जागी थबकले. गावभर वाळूचे ढीग लागले होते. आगोराभोवतीही कमरेएवढी वाळू चढली होती, पण ती भोवतीच! एखाद्या कुंभाराने घड्याचा काठ वळवावा तसा तिचा गोल बांध झाला होता. आतल्या आगोरावर वाळूचा कण नव्हता. गवरेच्या झाडूचे सकाळचे फराटे जसेच्या तसे दिसत होते. रोज तिचे काम मोडणाऱ्या वाऱ्याने आज तिच्यासाठी झाडू हातात घेतला होता! मध्ये महाराज बसले होते आणि त्यांच्या उपरण्याचा पदरसुद्धा विस्कटलेला नव्हता.

पाऊस धो धो कोसळू लागला. पेमीपाशी सुईणीला बसवून गवराही धावत आली. पण पाणी जाणार कुठे? मोरीच्या तोंडावर ठाकुरांची शिळा! पाणी तुंबून वाळूच्या बांधाला लागले. बांध फुटला की सगळे वाळूत जिरणार. दोघातिघांनी शिळेला हात लावला, ती हलेना. गवरा काकुळतीने म्हणाली, "बापजी, तुम्ही तरी हात लावा!"

महाराज म्हणाले, "ज्याने लावली, त्याच्याच हाताने निघेल. त्यांना बोलवा."

ठाकूर चिडूनच आले. "पहिलं पाणी आत घ्यायचं नाही! पूर्वजांची रीत आहे. मळ जाईल टाक्यात."

"रीत खरी आहे," महाराज म्हणाले. "मळ कुठे आहे तो दाखवा, तेवढं पाणी बाहेर सोडू."

ठाकूर काठावर वाकले. त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. ते नितळ होते. दुसऱ्या जागी घेतले, तेही तसेच. ते शोधत राहिले आणि अखेर त्यांची नजर एका जागी खिळली. त्यांच्या जोड्यांचे ते दोन ठसे! एवढी आंधी गेली, एवढा पाऊस पडत होता, पण ते पुसले गेले नव्हते. पाणीसुद्धा त्यांना न शिवता बाजूने वाहत होते. साऱ्या आगोरावर मळ होता तो तेवढाच.

ठाकुरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी जोडे काढून बांधापलीकडे ठेवले. मग डोक्यावरचा साफा उतरवला, गुडघे टेकले, आणि त्या साफ्याने ते ठसे पुसू लागले. पुसता पुसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. एका पुसण्यात डाग गेले. तोच साफा कमरेला बांधून त्यांनी एकट्याने शिळेला हात घातला. तिघांना न हललेली शिळा पाटासारखी उचलली गेली! पाणी खळाळत टाक्यात शिरले. तो आवाज ऐकून सारे गाव रडू लागले.

तेवढ्यात सुईणीची हाक आली. पेमी सुटली होती, मुलगी झाली होती. टाक्यातून पहिला घडा निघाला तो तिच्याच घरी गेला. पौर्णिमा आली तेव्हा धोरासरातून एकही माणूस उठला नाही.

पण त्याआधी, त्या पावसातच, ठाकूर महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज दोन पावले मागे सरले आणि त्यांनी गवरेकडे बोट केले. सबळसिंह ठाकुरांनी, सगळ्या गावादेखत, त्या कुंभारणीच्या फोड आलेल्या पायांवर डोके ठेवले.

गवरा बावरून गेली. "उठा, हुकूम, उठा! ओलं आहे सगळं, कपडे मळतील तुमचे."

ठाकूर मान वर न करताच म्हणाले, "मळू देत, माई. आगोर मळला नाही म्हणजे झालं."