तात्याचं फाटकं रबर

चूक तात्याचीच होती. गाडीचे भाग एकमेकांशी भांडायचे त्या काळी एका इंजिनावर चार कॉइल बसायच्या आणि प्रत्येकीने आपल्या खालच्या प्लगला ठिणगी द्यायची. पहिल्या सिलिंडरवरचा तात्या त्यांतला थोरला, आणि थोरला म्हणूनच आगाऊ. त्याच्या बुडाचं रबर टराटरा फाटलं होतं. ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच इंजिनाच्या अंगावर उडायची आणि गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायची.

तपासायला मीटरताई आली. म्हणाली, "तात्या, तुम्ही अन् तिसरी कॉइल जागांची अदलाबदल करा. थडथड तुमच्या मागोमाग तिकडे गेली, तर दोष तुमचा."

तात्याने बूड आणखी घट्ट दाबलं. उठलो तर सगळ्यांना फाटकं दिसणार! तो खेकसला, "थोरल्याला जागेवरून उठवतेस? अगं, तू खोक्यात होतीस तेव्हापासून मी ठिणग्या पाडतोय!"

"पाडताय खऱ्या, पण कुठे?" खालचा प्लग पुटपुटला. "मला महिनाभर एक मिळालेली नाही."

"उलट बोलतोस?" तात्याने प्लगलाच हाकलायला लावलं. नवा प्लग आला, तरी गाडी थडथडलीच. मग पेट्रोलला शिव्या बसल्या. बाकीच्या कॉइल "थोरले म्हणतात म्हणजे असेलच" म्हणत माना डोलवत राहिल्या.

चौथ्या दिवशी घाटात, ठिणग्या वाटेतच उधळून उधळून, तात्या आतून जळाला. त्याला उपटून भंगारात टाकलं, तेव्हा सगळ्यांनी त्याचं बूड पाहिलंच. नवं रबर मिनिटभरात बसलं असतं. ते मागायची लाज वाटली, म्हणून तात्या अख्खा गेला.